तीस तारखेपर्यंत

नऊ तारखेला दुपारी सिव्हिलमधून फोन आला:
गुरुसिद्दप्पा अंकलगी तुमचे कोण?
मी म्हटलं, मागच्या खोलीत असतात.
कोण, ते सांगा.
भाडेकरू, म्हटलं. आणि पलीकडं त्या बाईनं
पेनाची टोपी लावल्याचा आवाज मला ऐकू आला.

पुतण्यानं बैलहोंगलला नेलं, तिकडंच मातीत बसवलं.
इथं वडगावात राहिलं ते दाराचं कुलूप,
दाराबाहेरचं निळं बॅरल,
आणि माझ्याकडं वीस हजार डिपॉझिट.

कोपऱ्यावरचा आणवेकर म्हणाला, फोड की कुलूप.
मेलेल्याचा कसला करार?
चार हजारानं आज गिऱ्हाईक देतो.
पुतण्याचा फोन: टेम्पो घेऊन येतो, किल्ली काढून ठेवा.
मुलाचा फोन, हुबळीहून, सहा वर्षांत पहिला:
काकाच्या पोराला काही देऊ नका.

पिशवीत करार घालून मी बिर्जे वकिलांकडं गेले.
करार कन्नडात. सही माझी. मला वाचता येत नाही.
दर अकरा महिन्यांनी अंकलगीच बोट ठेवून सांगायचे,
अक्का, इथं लिहिलंय, तुम्ही मला काढू शकता.
आणि हसायचे.

वकील म्हणाले, माणूस जातो, भाडेकरार त्याच्यामागं लगेच जात नाही.
कुलूप फोडू नका, लाइट तोडू नका.
आत जायचं तर दोन साक्षीदार, यादी, फोटो.
डिपॉझिट एकट्याच्या हातात नको, सगळ्या वारसांच्या सह्या घ्या,
हेस्कॉमचं बिल कापा, साफसफाईचे पाचशे कापा.
या महिन्याचं भाडं आलंय?

आलं होतं. एक तारखेलाच यायचं.
तीस वर्षं बसा थांबवून तिकिटं तपासलेला माणूस
माझी पावती उजेडाला धरायचा,
चिमट्यानं कोपऱ्यात भोक पाडायचा
आणि शर्टाच्या खिशात टाकायचा.
मग निदान तीस तारखेपर्यंत तरी
खोली त्यांची आहे, वकील म्हणाले.

बारा तारखेला पाणी आलं.
आमच्याकडं आठ दिवसांनी येतं, दीड तास,
कधी पहाटे, कधी रात्री अडीचला,
आणि सहा वर्षांत मला कधी नळाकडं कान लावावा लागला नव्हता.
अक्का, नीरु बंतु!
मागून हाक यायची, मी उठायचे.
त्या रात्री उठले तेव्हा धार करंगळीएवढी झालेली.
माझं पिंप अर्धंच राहिलं.

वीस तारखेला जागीच होते.
आधी माझं भरलं. मग पाइप हातात धरून
त्या निळ्या बॅरलसमोर उभी राहिले.
हे कुठल्या कलमात बसतं, ते वकिलांना विचारलं नव्हतं.
भाड्यात पाणी धरलेलं आहे.
भाडं आलेलं आहे.
भरलं. झाकण लावून वर वीट ठेवली,
ते ठेवायचे तशी, आडवी.

तीस तारखेला मुलगा आला, मल्लेश. बापाचंच कपाळ.
पुतण्याही आला. एकमेकांकडं न बघता दोघांनी सह्या केल्या.
आणवेकर साक्षीला, तोंड वाकडं करून.
खाट, स्टो, इस्त्रीचे दोन खाकी शर्ट,
बिस्किटांच्या डब्यात भाड्याच्या पावत्या,
एकाहत्तर, सगळ्यांना भोक.
या महिन्याची त्यात नव्हती.
सिव्हिलला जाताना अंगात कुठला शर्ट होता,
कुणी विचारलं नाही, मीही नाही.

बाहेर येऊन मल्लेशनं वीट उचलली, झाकण काढलं.
काठोकाठ.
इदु यारदु?
माझ्या मोडक्या कन्नडात मी म्हटलं, निम्दे.
त्यानं पँट दुमडली, बादली मागितली,
आणि खोली धुवायला घेतली, भिंतीपासून उंबऱ्यापर्यंत.
बऱ्याच वेळानं पुतण्यानं खराटा उचलला.

बिल कापलं, दोनशे अठरा.
ते पाचशे कापले नाहीत.

खोली देणे आहे, अशी पाटी
आणवेकरानं रंगवून आणून दिलीय. दारामागं उभी आहे.
शुक्रवारी पाणी येईल.
किती वाजता, कुणास ठाऊक.